नोंदवहीतील पूर्वज

'ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये' अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. तिच्या मागे कोणता अनुभव असावा हे ओळखणे कठीण नाही. मोठ्या नदीचा उगम पाहावयास जावे, तर एखाद्या खडकाच्या सांदीतून ठिबकणारे शेवाळलेले पाणी तेवढे दृष्टीस पडते. आणि मोठ्या पुरुषाचे कूळ शोधू जावे, तर जे हाती लागेल ते त्याच्या मोठेपणाला शोभेलच अशी खात्री देता येत नाही. म्हणून शहाण्यांनी सल्ला दिला, की पात्र रुंद आहे, पाणी गोड आहे, मग उगमाची चौकशी हवी कशाला? व्यासांच्या आणि कर्णाच्या जन्मकथा ऐकत वाढलेल्या समाजाला हा सल्ला पटावा यात नवल नाही.

परंतु याच समाजात दोन अनोळखी माणसे एस. टी.च्या बाकावर शेजारी बसली, की कंडक्टर तिकीट फाडण्यापूर्वीच 'पाहुणे, मूळचे कुठले?' हा प्रश्न निघतो. ऋषीचे कूळ विचारू नये हे आम्हांस मान्य आहे. शेजाऱ्याचे मूळ विचारल्यावाचून मात्र आमचे चालत नाही. गावाचे नाव कळले की पाहुण्याची, सोयऱ्याची, निदान बाजाराच्या दिवसाची तरी ओळख निघते आणि मन स्वस्थ होते.

या विसंगतीकडे माझे लक्ष वेधले गेले ते समुद्रापलीकडील आपल्या बांधवांमुळे. मॉरिशस, फिजी, दक्षिण आफ्रिका, सुरिनाम अशा दूरच्या देशांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले पुष्कळ लोक अलीकडे आपल्या खापरपणज्यांची नावे जुन्या जहाजांच्या नोंदवह्यांतून हुडकून काढीत असतात, आणि नावापुढे लिहिलेले गाव कोठे आहे हे पाहण्यासाठी भारतात येतात. त्यांत मॉरिशसची मराठी कुटुंबेही आहेत. हा शोध म्हणजे केवळ एक हौस आहे, की त्यात कर्तव्याचा काही अंश आहे? आणि कर्तव्य असेल, तर ते कोणाप्रत व कोणत्या स्वरूपाचे? एवढाच प्रश्न येथे विचारार्थ घ्यावयाचा आहे.

प्रथम हकीकत थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला आणि १८३५ च्या फेब्रुवारीपासून तो मॉरिशस बेटावर अमलात आला. गुलाम मोकळे झाले, तरी उसाचे मळे उभेच होते, आणि मळेवाल्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरात आले. ही सुरुवात होती. पुढील पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसे त्या लहानशा बेटावर उतरली. आरंभीच्या काळात पाच वर्षांचा करार आणि पुरुषाला महिना पाच रुपये पगार असे. या कराराला आपल्या लोकांनी 'गिरमिट' हे नाव दिले. मजुरांचे हाल ऐकून १८३९ साली ही भरती बंद करण्यात आली. परंतु १८४२ च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून ती पुन्हा सुरू झाली. मुंबईस जहाजात चढलेल्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या बाजूंचे लोक होते. त्यांचे वंशज आजही स्वतःस मराठी म्हणवितात, आणि गणेश चतुर्थीस त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

इकडे पुणेमुंबईच्या सुशिक्षितांत समुद्रगमन करावे की न करावे, केल्यास प्रायश्चित्त कोणते, यावर शास्त्रार्थ चालत आणि विलायतेहून परतलेल्या बॅरिस्टराच्या पंक्तीस बसावे की नाही यावरून घरे दुभंगत. पण या शास्त्रार्थाला रंग चढण्यापूर्वीच कोकणातले आणि देशावरचे ते निरक्षर कुणबी काळे पाणी ओलांडून गेले होते. त्यांना कोणी प्रायश्चित्त विचारले नाही, कारण ते परत येऊन पंक्तीस बसण्याची चिंता फारशी कोणाला नव्हती.

मजूर धक्क्यावर उतरला की त्यास एक क्रमांक मिळे, आणि त्या क्रमांकापुढे वहीत एक ओळ लिहिली जाई. नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरील खूण, जिल्हा, परगणा, गाव, जहाज, आगमनाची तारीख, आणि ज्या मळ्यावर धाडले त्याचे नाव. पुढे पुढे छायाचित्रेही आली. ज्या धक्क्यावर हे सारे घडे तो आज आप्रवासी घाट या नावाने ओळखला जातो आणि २००६ साली त्याची गणना जागतिक वारशाच्या स्थळांत झाली. या वह्या त्याच देशात मोका येथे, १९७० साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेत जतन करून ठेविल्या आहेत. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसच्या भेटीत असे जाहीर केले, की तेथील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही परदेशस्थ भारतीय नागरिकाचा दर्जा मिळण्याची विशेष तरतूद करण्यात आली आहे. त्यामुळे कालपर्यंत जी ओळ केवळ जिज्ञासेचा विषय होती, तिला आज दस्तऐवजाचे मोल आले आहे.

आता या ओळीकडे जरा जवळून पाहू. ती कोणी लिहिली आणि कशासाठी? स्मरणासाठी खास नव्हे. क्रमांक दिला तो हिशेबासाठी, मळ्याचे नाव लिहिले ते माणूस कोणाच्या ताब्यात आहे हे कळावे म्हणून, आणि अंगावरची खूण टिपली ती तो पळाल्यास ओळखता यावा म्हणून. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरांनाही छायाचित्र लाविलेले तिकीट जवळ बाळगणे भाग पडले. ते दाखविता आले नाही, तर भटका म्हणून धरले जाण्याचा धोका असे. हा जाच इतका वाढला, की आदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका गोऱ्या मळेवाल्याने मजुरांच्या वतीने १८७१ साली अर्ज तयार केला, आणि १८७२ मध्ये चौकशीसाठी शाही आयोग आला. तात्पर्य, वहीतील ती ओळ म्हणजे एक दोरखंड होता. त्याचे एक टोक मजुराच्या पायात आणि दुसरे मळेवाल्याच्या हातात होते.

आपल्याकडे पूर्वजांची नावे टिकविणाऱ्या वह्या निराळ्या प्रकारच्या आहेत. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया येथे यात्रेकरू जातो, तेव्हा तीर्थोपाध्याय आपले बाड उघडून आजा-पणजा केव्हा येऊन गेले ते दाखवितो, आणि यात्रेकरू त्याखाली स्वतःचे व मुलांचे नाव घालतो. कर्नाटकाच्या सीमेलगतच्या भागांत हेळवी लोक येतात. घराण्याची वंशावळ म्हणून दाखवितात, धान्य-पैसा घेतात आणि नव्या जन्मलेल्यांची भर घालून पुढच्या गावी जातात. येथेही देवघेव आहे, दक्षिणा आहे. पण येथे माणूस आपण होऊन सांगतो, की माझ्यामागून जो येईल त्याला मी होतो हे कळू द्या. बंदरावरच्या वहीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाने असे काही सांगितले नव्हते. त्याला प्रश्न विचारले गेले आणि त्याने उत्तरे दिली.

आणि तरीही काळाची करणी अशी, की पळालेला मजूर सापडावा म्हणून लिहिलेल्या खुणेवरून आज त्याच्या नातवाचा नातू त्याला शोधीत आहे! समजा, 'डाव्या भुवईवर व्रण' अशी नोंद आहे. लिहिणाऱ्याच्या लेखी तो व्रण म्हणजे पकडण्याचे साधन होता. वाचणाऱ्याच्या लेखी तो या साऱ्या ओळीतील एकमेव अशी गोष्ट आहे, की जिला हात लावावासा वाटतो. लहानपणी बैलाने मारले असेल, झाडावरून पडला असेल, आईने हळद दाबून धरली असेल. शब्द तेच, परंतु डोळे बदलले आणि अर्थ बदलला. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. नोंद ज्या हेतूने लिहिली गेली त्या हेतूने ती कायमची बांधली जात नाही. वाचणाऱ्याचा हेतूही तिच्यात उतरतो. म्हणूनच वाचणाऱ्यावर काही जबाबदारी येते.

येथे एक विपर्यासही नोंदला पाहिजे. जो बांधला गेला त्याची ओळ राहिली; जो मोकळा गेला त्याची राहिली नाही. आमच्या आटपाडी-खानापूरच्या अवर्षणग्रस्त मुलखातून सोन्याचांदीची गलाई करणारे लोक निघाले आणि तामिळनाडू, केरळापासून दिल्लीपर्यंत जेथे जेथे सराफकट्टा आहे तेथे तेथे जाऊन बसले. आमच्या वर्गातील कित्येक मुलांचे वडील किंवा चुलते आज तिकडे आहेत. त्यांच्यापैकी पहिला कोण गेला, कोणत्या साली, खिशात काय घेऊन, हे लिहिणारा कारकून कोणत्याही स्टेशनावर बसला नव्हता. ते स्वतःच्या मर्जीने गेले आणि स्वतःच्या मर्जीने यात्रेला गावी येतात. त्यांचा इतिहास आजीच्या तोंडी आहे आणि आजीबरोबरच जाणार आहे. नोंद असणे हे भाग्याचे लक्षण मानावे की दुर्दैवाचे, याचे उत्तर म्हणून वाटते तितके सोपे नाही.

आता कल्पना करा, की मॉरिशसमधील एक शिक्षक हातात एक कागद घेऊन सातारा येथे उतरला आहे. कागदावर जिल्हा सातारा असे लिहिले आहे आणि त्यापुढे इंग्रजी अक्षरांत गावाचे नाव. येथून त्याच्या अडचणींना प्रारंभ होतो. त्याच्या पूर्वजाच्या काळचे सातारा आणि आजचे सातारा एक नव्हे. १८४८ साली आप्पासाहेब महाराज निवर्तल्यावर ते राज्य खालसा झाले. त्यातून झालेल्या जिल्ह्याचा दक्षिणेकडील भाग १९४९ साली वेगळा काढून दक्षिण सातारा जिल्हा करण्यात आला, आणि १९६० पासून तो सांगली या नावाने ओळखला जातो. आटपाडीची गोष्ट आणखी वेगळी. हा मुलूख औंधच्या पंतप्रतिनिधींच्या संस्थानात होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले तेव्हा तो जिल्ह्यात आला. येथला मनुष्य विचारल्यावर 'सातारा' म्हणाला असेल, 'औंध' म्हणाला असेल, किंवा नुसतेच 'माणदेश' म्हणाला असेल. आणि माणदेश नावाचा जिल्हा कोणत्याही सरकारच्या यादीत कधी नव्हता.

नावांची कथा याहून बिकट आहे. इंग्रजी लिपीत ट आणि त, ड आणि द, ळ आणि ल, ण आणि न यांतील भेद उरत नाही. आणि ज्या बेटावर फ्रेंच भाषेचा वावर होता तेथे उच्चार आणखी एकदा वळले. आडनाव पुष्कळदा लिहिलेच गेले नाही. मजुराचे किंवा त्याच्या बापाचे पहिले नावच पुढे साऱ्या घराण्याचे आडनाव झाले. आपल्याकडे ज्या नावाने घरातल्या धाकट्याला हाक मारावी, ते तेथे चार-पाच पिढ्यांचे आडनाव होऊन बसलेले असते. अशा स्थितीत आमचा हा शिक्षक सातारा-सांगलीच्या पाच-सहा गावी हिंडेल, सारख्या नावाच्या वाड्या पाहील, आणि बहुधा निश्चित असे काहीच हाती न घेता परत जाईल. मग त्याने हे करावे तरी कशाला?

येथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. माणसाची किंमत त्याच्या कर्तृत्वावरून ठरते. जन्म दैवाधीन आहे. ज्या देशाने जन्मावरून माणसाची पायरी ठरविण्याचा अपराध शतकानुशतके केला, त्या देशात तरी मुळांचा शोध हे काही भूषण नव्हे. हा युक्तिवाद मला मान्य आहे. परंतु ज्या म्हणीने आपण आरंभ केला तिचे शब्द नीट पाहावे. ती ऋषीचे कूळ शोधू नये असे सांगते. ऋषीला कुळाची गरज नसते, कारण त्याचे कर्तृत्व त्याच्या नावाने जगापुढे असते. पण ज्याचे कर्तृत्व कोणाच्याच नावावर जमा झाले नाही त्याचे काय? त्या बेटावरील दगड उचलून ज्यांनी शेते केली त्यांची नावे त्या शेतांना नाहीत, साखरेच्या पोत्यांना नाहीत. त्यांच्यापुरती ती एक ओळ एवढेच काय ते शिल्लक आहे. म्हणीचे अभयदान मोठ्यांसाठी आहे. लहानांसाठी न्याय उलटा आहे: त्यांचे मूळ शोधले नाही, तर त्यांचे काहीच उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. त्या मनुष्याला आपण सापडावे अशी इच्छा होती, हे तुम्हांस कोणी सांगितले? घरदार सोडून इतक्या दूर जाणारा प्रत्येक जण केवळ भुकेने गेला असेल असे नाही. कोणी सावकारापासून, कोणी भाऊबंदकीपासून, कोणी जातपंचायतीच्या शिक्षेपासून पळाला असेल. एखाद्याने जाणूनबुजून खोटे नाव सांगितले असेल. एखाद्याने गावी बायको टाकून तेथे दुसरा संसार मांडला असेल. मृताला आपले रहस्य राखण्याचा अधिकार नाही काय?

मला वाटते, येथे जाणणे आणि मिरविणे यांत भेद केला पाहिजे. आपल्या रक्ताच्या माणसाने काय भोगले आणि काय केले हे जाणण्याची इच्छा ही मायेचीच एक रीत आहे, आणि माया ही नेहमी गुणच पाहते असे नाही. पणजोबाने बायको टाकली असेल, तर ते जाणावे. त्यावर शेला पांघरू नये, आणि चव्हाट्यावर वाचूनही दाखवू नये. त्या टाकलेल्या बायकोचीही कोणी पणतवंडे या मुलखात असतील, त्यांचाही विचार मनात असू द्यावा. ज्याला केवळ शूर आणि सद्गुणी पूर्वज हवे आहेत त्याने बखरी वाचाव्यात. नोंदवह्यांच्या वाटेस जाऊ नये.

स्त्रियांचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या अभिमानाला थोडी टोचणारी आहे. आपल्या घराघरांत ज्या वंशावळी जपून ठेविलेल्या असतात त्यांत बहुधा बाप आणि मुलगे असतात; मुली, सुना, बहिणी यांना त्यांत जागा नसते. पाच-सात पिढ्यांचा वृक्ष काढावा आणि त्यात एकही आई नसावी, याचे आपल्याला कधी आश्चर्यही वाटत नाही. गिरमिटावर गेलेल्यांत स्त्रियांचे प्रमाण फार कमी होते. पण ज्या गेल्या त्यांतील प्रत्येकीला स्वतंत्र क्रमांक मिळाला, तिचे नाव, वय, उंची, गाव लिहिले गेले. त्या कारकुनाला तिच्याविषयी कणव होती असे नव्हे. तिची मजुरी मोजावयाची होती इतकेच. पण आमच्या प्रेमाने लिहिलेल्या वंशावळीत जी नाही, ती त्यांच्या स्वार्थाने लिहिलेल्या वहीत आहे. या गोष्टीची लाज वाटावयाची ती आम्हांलाच वाटली पाहिजे.

तिसरा मुद्दा आजच्या काळाशी निगडित आहे. जुनी नोंद ही आता हक्काचे साधन झाली आहे. परदेशस्थ नागरिकत्वाचा उल्लेख वर आलाच आहे. आपल्या राज्यातही २०२३ पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामामुळे महसुली कागद आणि शाळांचे जुने दाखले यांतील कुणबी नोंदी शोधण्याचे काम गावोगाव चालले, आणि मोडी वाचणाऱ्यास अचानक भाव आला. आरक्षणाच्या वादात येथे शिरावयाचे नाही. कायद्याने जो हक्क दिला आहे तो सिद्ध करण्यासाठी कागद शोधणे यात गैर काही नाही. परंतु हक्कासाठी वाचणारा मनुष्य वही कशी वाचतो ते पाहण्यासारखे आहे. तो एक रकाना वाचतो. जात हवी असेल तर जातीचा, जिल्हा हवा असेल तर जिल्ह्याचा. बाकीचे रकाने त्याच्या कामाचे नसतात. आणि गंमत अशी, की सरकारही वही अशीच वाचीत असे: रकाना वरून खाली. इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, अमुक जातीचे इतके, अमुक मळ्यावर इतके. रकान्याची बेरीज करता येते. माणसाची करता येत नाही. माणूस हा आडव्या ओळीत असतो. ज्याला पूर्वज भेटावयाचा आहे त्याने ओळ वाचली पाहिजे, डावीकडून उजवीकडे, शेवटपर्यंत; नावापासून व्रणापर्यंत आणि व्रणापासून मळ्यापर्यंत.

याचे महत्त्व जातीच्या रकान्यात सर्वांत अधिक दिसते. गिरमिटाच्या जहाजांवर सोवळेओवळे सांभाळणे कठीण होते. एका पाण्यावर, एका अन्नावर आठवडेच्या आठवडे काढावे लागत. एकाच जहाजातून गेलेले लोक गिरमिटी वसाहतींतून एकमेकांस जहाजी भाई म्हणत आणि ते नाते सख्ख्या नात्याइतके मानीत. ज्या दुःखाने त्यांची इतर सारी बंधने आवळली त्याच दुःखाने हे एक बंधन सैल केले. आता त्यांचा वंशज वही उघडतो, जातीच्या रकान्यावर बोट ठेवतो आणि म्हणतो, 'आम्ही अमुक होतो!' पूर्वजाने समुद्रात जे थोडेफार सोडून दिले, ते त्याने मोठ्या कष्टाने पुन्हा वर काढले. याला पूर्वजांचा शोध म्हणावयाचे की पूर्वजांचा पराभव? मळेवाल्याने त्या माणसाला साखरेचे साधन केले. आपण त्याला आपल्या अहंकाराचे साधन करावे, तर दोघांत फरक तो काय राहिला?

आपल्या परंपरेत मनुष्य तीन ऋणे घेऊन जन्मतो असे सांगितले आहे, आणि त्यांतील एक पितृऋण आहे. ही कल्पना फार अर्थपूर्ण आहे, कारण ती पूर्वजांकडे वारसा म्हणून न पाहता देणे म्हणून पाहावयास शिकविते. वारसदार विचारतो, 'मला काय मिळाले?' ऋणको विचारतो, 'माझ्याकडून काय निघते?' श्राद्धात नावे घ्यावयाची ती बाप, आजा, पणजा या तिघांची. त्यापलीकडच्यांची नावे विसरली जाणार हे शास्त्रकारांनीही गृहीत धरले होते. पण तर्पणाच्या शेवटी ज्यांना कोणी नाही, ज्यांचे नाव-गोत्र ठाऊक नाही, अशांसाठीही एक ओंजळ सोडण्याची चाल आहे. या ओंजळीत मला त्या विधीतील सर्वांत थोर भाग दिसतो. येथे देणाऱ्याला घेणाऱ्याचे नाव माहीत नाही. तो आपला होता की परका हेही माहीत नाही. तरी देणे आहे. आमच्या कल्पनेतला तो शिक्षक, जो पाच-सहा वाड्या हिंडून रिकाम्या हाताने परतला, तो वस्तुतः रिकाम्या हाताने गेला नाही. आपला माणूस नेमका कोठला हे न कळल्यामुळे त्याला या सगळ्याच कोरड्या मुलखाविषयी आपलेपणा वाटू लागला असेल, तर शोध सफळ झाला असेच म्हटले पाहिजे.

मात्र ऋण हे केवळ आठवणीने फिटत नाही. मॉरिशस किंवा नाताळ येथे ज्याचे कोणी पूर्वज गेले नव्हते अशा एका मराठी प्राध्यापकाने हे ऋण कसे फेडावे ते दाखविले आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० साली नाताळकडे जाणारी गिरमिटी भरती थांबविण्याचा ठराव वरिष्ठ कायदे मंडळात संमत करून घेतला, आणि मार्च १९१२ मध्ये ही सारी पद्धतच अन्यायाची असल्याने ती समूळ बंद करावी असा दुसरा ठराव मांडला. सरकारी मतांच्या बळावर तो फेटाळण्यात आला. १९१५ मध्ये गोखले निवर्तले. १९१७ मध्ये भरती थांबली. या वह्यांतील एकाही ओळीशी गोखल्यांचे नाते नव्हते. पण वंशजाने करावयाचे काम त्यांनी केले.

आणि म्हणून हा प्रश्न मॉरिशसवर संपत नाही. साखर आजही होते, ऊस आजही तोडावा लागतो. बीड जिल्ह्यातून आणि आमच्याकडील दुष्काळी भागांतूनही दरसाल माणसे दिवाळीच्या सुमारास गाव सोडून कारखान्यांच्या फडांवर जातात. त्यांना समुद्र ओलांडावा लागत नाही हे खरे. पण जाण्यापूर्वी त्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत ती माणसे मोकळी नसतात. या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात. मुकादमाच्या वहीत उचल बहुधा नवऱ्याच्या नावे लागते. बरोबरीने ऊस तोडणारी, मोळ्या डोक्यावर वाहणारी बायको त्या एका कोयत्यात जमा असते.

दीडशे वर्षांनी या जोडप्याचा एखादा वंशज, तो कोठेही असो, आपले मूळ शोधू लागेल. मॉरिशसच्या मजुराला लिहिणारे सरकार त्याला माणूस मानीत नव्हते, तरी त्याच्या वाट्याला वहीत एक ओळ आली. आपल्या राज्यातल्या, आपल्या डोळ्यांदेखतच्या या बाईच्या वाट्याला काय येणार आहे? पूर्वजांच्या नावाने पाणी सोडणाऱ्या प्रत्येक घराने आणि नोंदवही उघडणाऱ्या प्रत्येक वंशजाने या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे आहे. ते देण्यासाठी कोणत्याही जुन्या बाडात शोध करावा लागत नाही. आपल्या दारावरून जाणाऱ्या बैलगाडीत बसलेल्या बाईला तिचे नाव विचारले आणि ते लिहून ठेविले, तरी आरंभ होतो.